खरखरीशी उभा दावा

आर्मस्ट्राँग हे नाव काढले की आपल्याला चंद्रावर उतरलेला नील आठवतो. जाझ संगीताचा शौक असणाऱ्यांना ट्रंपेटवाला लुई आठवतो. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हे नाव रेडिओच्या जगात या दोघांइतकेच मोठे, पण त्या जगाबाहेर ते सहसा कुणी घेत नाही. गंमत म्हणजे तिघांपैकी आपल्या घरात खऱ्या अर्थाने वावरला तो हाच. दिवाणखान्यातल्या फळीवर विणलेला रुमाल पांघरून बसलेला मर्फी, बुश किंवा फिलिप्स असो, नाही तर उशाशी घेऊन झोपायचा ट्रान्झिस्टर असो, स्टेशन पकडण्याची त्यांची रीत एकच होती आणि ती याच माणसाच्या नावावर जमा आहे. मोटारीत आज एफ.एम. ऐकू येते तेही त्याचेच देणे.

माझ्या उमेदीची काही वर्षे रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर गेली. लोक सेट घेऊन येत आणि त्यांच्या तक्रारी ठरावीक असत. शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोन एकदा लागतो आणि काटा थोडा पुढे नेला की पुन्हा लागतो. अमुक स्टेशनवर सारखी शिट्टी वाजते. दुसरे काही ऐकत असलो तरी गावातले जोरकस स्टेशन मागून बडबडत राहते. सेट उघडून पाहावा तर बिघाड काही नसे. या तक्रारी रेडिओच्या घडणीतच होत्या. त्यांचे मूळ शोधता शोधता माझी आर्मस्ट्राँगशी गाठ पडली. पुढे त्याचे आयुष्य वाचले तेव्हा मी चरकलो. हवेतली खरखर आणि सेटमधला गोंधळ निपटून काढणाऱ्या या माणसाचे स्वतःचे आयुष्य मात्र कोर्टकचेरीच्या कोलाहलात बुडून गेले.

माळ्यावरचा मुलगा

१८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरात त्याचा जन्म झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या कचेरीत होते, आई शाळेत शिक्षिका होती. घर सुशिक्षित आणि खाऊनपिऊन सुखी. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला अंगाला झटके देणारा एक आजार झाला. दोन वर्षे शाळा बंद पडली. आजार बरा झाला, पण खांदा आणि मान मधूनच उडण्याची खोड जन्मभर राहिली. मन अस्वस्थ झाले की ती वाढे. मुलगा त्यामुळे एकलकोंडा झाला आणि त्याला यंत्रांची संगत आवडू लागली.

पुढे हे कुटुंब हडसन नदीकाठी यॉन्कर्स या गावी राहायला गेले. तिथल्या घराच्या माळ्यावर त्याची खोली होती. मार्कोनीच्या बिनतारी संदेशांचे वेड तेव्हा साऱ्या जगात पसरत होते आणि या मुलाला ते कायमचे लागले. १९१० मध्ये त्याने घराच्या आवारात १२५ फूट उंचीचा एरियलचा खांब उभारला. त्यावर तो स्वतः चढत असे. उंचीची त्याला भीती वाटत नसे, उलट ओढ वाटे. ही ओढ ध्यानात ठेवायची, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

शिक्षण झाले कोलंबिया विद्यापीठात, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे. मायकेल प्युपिन हे तिथले नामवंत प्राध्यापक. आर्मस्ट्राँग यॉन्कर्सहून तांबड्या रंगाच्या मोटरसायकलवरून कॉलेजला जाई. ली डी फॉरेस्ट या संशोधकाने १९०६ मध्ये तीन अग्रांची निर्वात नळी बनवली होती. पुढे आपण जिला व्हॉल्व्ह म्हणू लागलो तिचा हा मूळपुरुष. पण ती नेमकी कशी चालते याचा उलगडा कुणालाच नीट झालेला नव्हता, खुद्द डी फॉरेस्टलाही नाही. आर्मस्ट्राँगने मोजमापे घेऊन तो उलगडा केला.

१९१२ च्या उन्हाळ्यात त्याला एक कल्पना सुचली. नळीतून मोठा होऊन बाहेर पडणारा संदेश थोडासा परत तिच्या तोंडाशी आणून सोडला तर? तो पुन्हा मोठा होईल, पुन्हा परत येईल, पुन्हा मोठा होईल. प्रयोग केला आणि कानाला लावायच्या फोनमध्ये जेमतेम कुजबुजणारी दूरची स्टेशने खोलीभर ऐकू येऊ लागली. परत सोडण्याचे प्रमाण आणखी वाढवले तर नळी स्वतःच शिट्टी घालू लागे. म्हणजे ती स्वतःच लहरी निर्माण करी. एकाच जोडणीत ग्राहकही सापडला आणि प्रक्षेपकही.

पेटंट घ्यायला पैसे लागणार होते. वडील म्हणाले, आधी पदवी घे. मुलाने मोटरसायकल विकली, तरी रक्कम पुरी पडेना. शेवटी ३१ जानेवारी १९१३ रोजी त्याने जोडणीची आकृती काढून ती नोटरीपुढे साक्षांकित करून ठेवली. पेटंटचा अर्ज जायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या या महिन्यांनी त्याच्या आयुष्याची वीस वर्षे खाल्ली, ते पुढे येईलच.

जानेवारी १९१४ मध्ये न्यूजर्सीच्या किनाऱ्यावर, बेलमार येथे, त्याने आपला ग्राहक मार्कोनी कंपनीच्या एका तरुण अधिकाऱ्याला दाखवला. कडाक्याच्या थंडीत दोघे रात्रभर फोन कानाला लावून दूरदूरची स्टेशने ऐकत बसले. या तरुणाचे नाव डेव्हिड सारनॉफ. त्या रात्री जमलेली मैत्री दोघांनाही खूप उंच घेऊन गेली आणि शेवटी फार खोल बुडाली.

मिसळीतले गुपित

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि आर्मस्ट्राँग लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये पॅरिसला गेला. कॅप्टनचा मेजर झाला आणि पुढे जन्मभर लोक त्याला मेजर म्हणूनच ओळखत. तिथे अडचण अशी होती की फार आखूड लहरींचे, म्हणजे जास्त कंपनसंख्येचे संदेश त्या वेळच्या नळ्यांना मोठे करताच येत नसत. कमी कंपनसंख्येचे मात्र उत्तम करता येत. १९१८ मध्ये त्यावर त्याला तोड सुचली. संदेश आहे त्या उंचीवर मोठा होत नाही ना, मग आधी तो खाली उतरवायचा आणि खाली आणून मोठा करायचा.

खाली उतरवायचा म्हणजे काय ते तंबोऱ्याच्या जोडीवरून कळेल. दोन तारा जवळजवळ एका सुरात आहेत, पण पुरत्या जुळलेल्या नाहीत, तेव्हा आवाज हेलकावे खातो. दोन्ही तारांच्या कंपनसंख्येत जितका फरक, तितके हेलकावे दर सेकंदाला. आर्मस्ट्राँगने हेच रेडिओलहरींशी केले. बाहेरून येणाऱ्या लहरीत सेटने स्वतः तयार केलेली दुसरी लहर मिसळायची आणि दोघींच्या फरकाची तिसरी लहर उचलायची. अशी मिसळण करण्याची कल्पना रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी १९०१ मध्येच मांडली होती, पण त्यांचा फरक थेट कानाला ऐकू येईल असा होता. आर्मस्ट्राँगने तो ऐकू येण्याच्या पलीकडे ठेवला आणि मग मोठा केला. म्हणून या पद्धतीचे नाव पडले सुपरहेटरोडाइन. जुन्या रेडिओच्या जाहिरातींत सुपरहेट हा शब्द दिमाखात मिरवत असे तो हाच.

आकड्यांत सांगतो. मीडियम वेव्हवर १००० किलोहर्ट्झचे स्टेशन हवे आहे. काटा तिथे आणला की सेटमधली स्वतःची लहर १४५५ वर येते. फरक ४५५. काटा ८०० वर नेला तर स्वतःची लहर १२५५ वर येते. फरक पुन्हा ४५५. स्टेशन कुठलेही लावा, आतल्या भागाला नेहमी ४५५ च भेटते. त्यामुळे मोठे करणारे आणि गाळणारे सारे भाग या एका संख्येसाठी एकदाच नीट जुळवले की काम झाले. त्याआधीच्या सेटमध्ये एका स्टेशनासाठी तीन-तीन बटणे फिरवावी लागत. आपण एका बटणाने रेडिओ लावायला शिकलो ते या युक्तीमुळे.

ही मिसळण जिथे होते त्या भागाला मिक्सरच म्हणतात. स्वयंपाकघरातल्या मिक्सरइतकाच तो आवश्यक आणि तितकाच गलका करणारा. कारण असे की जो भाग अगदी सरळ वागतो, दुप्पट घातले तर दुप्पट देतो, त्यात दोन लहरी घातल्या तर दोनच बाहेर येतात. तिसरी जन्माला येत नाही. तिसरी हवी तर तो भाग थोडा वाकडा वागणारा लागतो. आता वाकडे वागणे म्हणजेच संदेशाची मोडतोड. इतर प्रत्येक भागात इंजिनिअर हा वाकडेपणा काढायला धडपडतो आणि मिक्सरमध्ये मुद्दाम ठेवतो. आणि वाकडा माणूस एकाच बाबतीत वाकडा वागतो असे थोडेच असते? दोन लहरींचा फरक देता देता मिक्सर त्यांची बेरीज देतो, दुपटीतिपटी देतो, आणि दोन परक्या स्टेशनांची लग्नेही लावून टाकतो. गावात १००० आणि १०१० वर दोन जोरकस स्टेशने असली तर ९९० आणि १०२० वर, जिथे कुणीच बोलत नाही तिथे, त्यांची सरमिसळ ऐकू येते.

सिलोन दोन ठिकाणी का लागत असे तेही यातूनच कळते. मिक्सरला फक्त फरक कळतो, कोण वर आणि कोण खाली हे कळत नाही. स्वतःची लहर १४५५ वर असताना १००० चे स्टेशन फरक देते ४५५ आणि १९१० चे स्टेशनही देते ४५५. म्हणजे खऱ्या स्टेशनापासून ९१० किलोहर्ट्झ अंतरावर त्याचे एक भूत असते. मीडियम वेव्हवर हे अंतर मोठे वाटते. शॉर्ट वेव्हवर मात्र १२,००० च्या हिशेबात ९१० म्हणजे हाकेच्या अंतरावर. साध्या सेटला तिथे खरे आणि भूत वेगळे करता येत नसे.

यावरचे उपाय पुढच्या कित्येक इंजिनिअरांनी मिळून शोधले. पहिला, मिक्सरच्या दारातच निवड करायची. हवे ते आत, नको ते बाहेर. महागड्या सेटमध्ये दोनऐवजी तीन गँगचा कंडेन्सर असे तो त्यासाठी. दुसरा, येणारा संदेश आवरून धरायचा आणि सेटची स्वतःची लहर जोरकस ठेवायची. संदेश निम्मा केला तर ती ९९० आणि १०२० ची उपरी सरमिसळ निम्मी नव्हे, एक अष्टमांश होते. प्रक्षेपण केंद्राजवळ राहणाऱ्या गिऱ्हाइकाला मी एरियलची तार तोडून आखूड करायला सांगे तेव्हा त्याला मी चेष्टा करतो असे वाटे. घरी जाऊन आखूड केली की सेट स्वच्छ बोले. तिसरा उपाय तोलाचा. एका वाकड्या भागाऐवजी दोन किंवा चार सारखे भाग समोरासमोर असे जोडायचे की हवी ती लहर एकवटेल आणि नको त्या एकमेकींना मारतील.

या साऱ्याच्या मुळाशी एक नियम आहे. नको असलेली लहर मिक्सरमध्ये एकदा जन्मली आणि नेमकी ४५५ वर येऊन बसली की पुढची कितीही भारी गाळणी तिला बाहेर काढू शकत नाही. तिथे ती आणि खरा संदेश एकाच रांगेत उभे असतात. जे रोखायचे ते मिसळण होण्याआधीच रोखावे लागते.

सुपरहेटरोडाइनच्या श्रेयाचीही वाटणी झाली. फ्रान्समध्ये ल्युसियाँ लेव्ही आणि जर्मनीत वॉल्टर शॉट्की यांना त्याच सुमारास तशीच कल्पना सुचली होती. १९२० मध्ये आर्मस्ट्राँगला अमेरिकन पेटंट मिळाले, पण १९२८ मध्ये त्यातले बहुतेक हक्क लेव्हीकडे गेले. चालणारा, वापरता येणारा सेट घडवून दाखवण्याचे श्रेय मात्र जग आर्मस्ट्राँगलाच देते, आणि मला ते योग्य वाटते.

मनोऱ्याच्या टोकावर

युद्ध संपल्यावर लक्ष्मी प्रसन्न झाली. वेस्टिंगहाउस कंपनीने १९२० मध्ये त्याची पेटंटे ३ लाख ३५ हजार डॉलरना घेतली. पुढे आणखी एका शोधाबद्दल आर.सी.ए. या कंपनीने रोख रकमेबरोबर आपले ६० हजार शेअर दिले. सारनॉफ आता त्याच कंपनीत वर चढत होता. त्याच्या कचेरीत मॅरियन मॅकिनिस नावाची उंच, देखणी सेक्रेटरी होती. मेजरसाहेबांच्या कचेरीतल्या खेपा एकाएकी वाढल्या.

मे १९२३ मध्ये तो आर.सी.ए.च्या न्यूयॉर्कमधल्या मनोऱ्याच्या अगदी टोकावर, रस्त्यापासून चारशेहून अधिक फुटांवर, एका गोळ्यावर जाऊन उभा राहिला, आणि फोटो काढवून मॅरियनला पाठवले. सारनॉफ संतापला. मॅरियनला काय वाटले कोण जाणे, पण त्याच वर्षी १ डिसेंबरला दोघांचे लग्न झाले. भेट म्हणून त्याने तिला स्वतः बनवलेला सुपरहेटरोडाइन रेडिओ दिला. हातात धरून नेता येईल असा तो पहिलाच. आकाराने भल्या मोठ्या सुटकेसएवढा. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बसलेले हे जोडपे आणि शेजारी तो रेडिओ, असा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे.

हरलेला दावा

ली डी फॉरेस्टने दरम्यान त्या पहिल्या शोधावर, परत सोडण्याच्या जोडणीवर, आपला हक्क सांगितला होता. ऑगस्ट १९१२ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत नळीने शिट्टी घातल्याची नोंद वहीत होती. आर्मस्ट्राँगच्या बाजूचे म्हणणे असे की त्या लोकांच्या लेखी ती शिट्टी एक उपद्रव होती. शिट्टी ऐकणे आणि ती का वाजते हे ओळखून तिला कामाला लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खटला खालच्या कोर्टातून वर, वरून खाली असा वर्षानुवर्षे फिरला. तडजोडीची संधी मिळाली होती. आर्मस्ट्राँगने ती नाकारली. १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अखेरचा निकाल डी फॉरेस्टच्या बाजूने दिला.

रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने याच शोधाबद्दल १९१७ मध्ये आर्मस्ट्राँगला आपले पहिले मानाचे पदक दिले होते. निकालानंतर काही दिवसांनीच फिलाडेल्फियाला संस्थेचे अधिवेशन भरले. पदक परत करायचे असे ठरवून तो तिथे गेला. मात्र त्याला बोलायची संधी मिळण्याआधीच अध्यक्षांनी जाहीर केले की संस्था पदक परत घेणार नाही, दिलेला मान कायम आहे. सभागृह उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कायद्याने हरलेला माणूस जाणकारांच्या सभेत जिंकला. मला वाटते, त्याने तिथेच थांबायला हवे होते. पण थांबणे त्याच्या स्वभावात नव्हते, आणि असते तर आपल्याला एफ.एम. कधी मिळाले असते कोण जाणे.

खरखरीवर मात

खटला चालू असतानाच तो कोलंबियाच्या तळघरात दुसऱ्या शत्रूच्या मागे लागला होता. तो शत्रू म्हणजे खरखर. आकाशात वीज चमकली, शेजारी कुणी मोटार चालू केली की रेडिओ कडकडतो, कारण जुन्या पद्धतीत आवाज लहरीच्या उंचीवर बसवलेला असतो आणि विजेचा कडकडाटही त्या उंचीतच भर घालतो. आर्मस्ट्राँगने लहरीची उंची जशीच्या तशी ठेवून तिची कंपनसंख्या आवाजाबरोबर झुलवली. उंचीत कुणी भर घातली तर ग्राहकात ती सरळ छाटून टाकायची. खरखर गेली आणि आवाज राहिला.

या पद्धतीने संदेशाची मोडतोडच होते, फायदा काही नाही, असे जॉन कार्सन या मोठ्या गणितज्ञ इंजिनिअराने १९२२ मध्ये लिहून ठेवले होते. सगळे लहरीचा झोका लहान ठेवून पाहत होते. आर्मस्ट्राँगने उलट तो भरपूर रुंद केला आणि तिथेच उत्तर सापडले. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला एफ.एम.ची पेटंटे मिळाली. १९३४ मध्ये सारनॉफने त्याला एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ८५ व्या मजल्यावर प्रयोगाला जागा दिली. तिथले प्रक्षेपण लाँग आयलंडवर ७० मैलांवर स्वच्छ ऐकू आले. आणि पुढच्याच वर्षी त्याला जागा खाली करायला सांगण्यात आले, कारण कंपनीला तिथे टेलिव्हिजनचे प्रयोग करायचे होते.

५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअरांच्या सभेपुढे त्याने एफ.एम. ऐकवले. यॉन्कर्सला एका मित्राच्या घरातल्या केंद्रावर पेल्यात पाणी ओतले, कागद चुरगाळला. सभागृहात ते पाणी पाण्यासारखे आणि कागद कागदासारखा ऐकू आला. पुढे त्याने स्वतःच्या पैशाने न्यूजर्सीत आल्पाइन येथे चारशे फुटांवर उंचीचा मनोरा उभारला आणि स्वतःचे केंद्र चालवले. दुसऱ्या महायुद्धात आपली एफ.एम.ची पेटंटे त्याने अमेरिकन लष्कराला फुकट वापरू दिली.

आर.सी.ए.ने १९४० मध्ये एफ.एम.साठी १० लाख डॉलर एकरकमी देऊ केले. इतर कंपन्या विक्रीवर मानधन देत होत्या, तेच आर.सी.ए.नेही द्यावे असा त्याचा आग्रह होता. बोलणी फिसकटली. १९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफ.एम.चा पट्टा ४२ ते ५० मेगाहर्ट्झवरून उचलून ८८ च्या वर नेला आणि लोकांच्या घरातले लाखो सेट एका फटक्यात निकामी झाले. जुन्या पट्ट्यावर सूर्यावरच्या डागांमुळे व्यत्यय येईल असे कारण दिले गेले. आर्मस्ट्राँगला ते पटले नाही. १९४८ च्या जुलैमध्ये त्याने आर.सी.ए.वर दावा लावला. एकट्या त्याची साक्षच जवळजवळ वर्षभर चालली. पेटंटांची मुदत १९५० च्या अखेरीस संपली, पैसा वकिलांच्या घरी गेला आणि साठी ओलांडलेला माणूस रात्रंदिवस कागदपत्रांत बुडून राहिला.

३१ जानेवारी

मॅरियनने तीस वर्षे हे सारे सोसले. १९५३ च्या नोव्हेंबरात पैशावरून दोघांचा वाद झाला आणि रागाच्या भरात त्याच्या हातून तिला इजा झाली. ती बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, न्यूयॉर्कच्या घरात एकटा असताना, आपल्या वागण्याचा पश्चात्ताप व्यक्त करणारे पत्र तिच्यासाठी ठेवून त्याने आपले जीवन संपवले. बरोबर एक्केचाळीस वर्षांपूर्वी याच तारखेला त्याने ती पहिली आकृती नोटरीपुढे ठेवली होती.

यानंतर मॅरियनने जे केले ते मला या साऱ्या कहाणीत सर्वांत मोठे वाटते. डिसेंबर १९५४ मध्ये तिने आर.सी.ए.शी दहा लाखांवर डॉलरची तडजोड केली. म्हणजे नवऱ्याने चौदा वर्षांपूर्वी नाकारली होती जवळजवळ तेवढीच रक्कम. उरलेल्या कंपन्यांशी मात्र ती एकेक करून लढली. शेवटचा दावा मोटोरोलाविरुद्धचा. तो १९६७ मध्ये निकाली निघाला तेव्हा ती सगळे खटले जिंकलेली होती. १९७९ मध्ये ती गेली. कुठे मिटवायचे आणि कुठे लढायचे ही निवड तिला साधली. मिक्सरच्या दारात काय येऊ द्यावे आणि काय अडवावे याचे महत्त्व ज्याने जगाला दाखवले, त्याला स्वतःच्या दारात ते जमले नाही. येणारा प्रत्येक तंटा त्याने आत घेतला, आणि एकदा आत मिसळलेले कुठल्याच निकालाने गाळून निघाले नाही.

आपल्याकडे एफ.एम. १९७७ मध्ये तेव्हाच्या मद्रासला सुरू झाले. मुंबईकरांना त्याची गोडी लागली ती नव्वदच्या दशकात. त्या सेटमध्येही मिक्सर आहेच. तिथे फरकाची लहर १०.७ मेगाहर्ट्झ ठेवतात. तिची दुप्पट होते २१.४, आणि ८८ ते १०८ हा अख्खा पट्टा आहे २० चा. म्हणजे एका एफ.एम. स्टेशनाचे भूत दुसऱ्या एफ.एम. स्टेशनावर कधी बसतच नाही. एकच स्टेशन काट्यावर दोनदा लागते ही तक्रार एफ.एम.च्या बाबतीत कुणी माझ्याकडे आणली नाही ती यामुळे. खिशातल्या मोबाइलमध्येही लहरी मिसळून संदेश उतरवण्याची युक्ती आहेच, फक्त आता ती नखाएवढ्या तुकड्यात मावते.

आल्पाइनचा मनोरा मालकाच्या पश्चातही उभा राहिला. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले आणि त्यांच्या माथ्यावरची टेलिव्हिजन केंद्रांची एरियले गेली. तेव्हा शहरातल्या काही केंद्रांनी आपले प्रक्षेपण आर्मस्ट्राँगच्या त्याच जुन्या मनोऱ्यावरून सुरू केले.